कोंडा, ससे आणि माझा मुड्डा

शिकवण्याची मला खाज आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यासाठी दुसऱ्या कुणाला जबाबदार धरायला नको. मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या हुद्द्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मी निवृत्त होईपर्यंत हे कुणाला सुचलं नाही. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस एकटा असतो. शिकवायला कुणी सापडत नाही. तेव्हापासून तुंबलेलं सगळं ज्ञान मी आता जयपूरच्या दुर्गापुऱ्यात, आमच्या घराच्या अंगणात, दर रविवारी मोकळं करतो. बदलीवर आलेल्या मराठी घरांतली पोरं येतात. त्यांनी मराठी विसरू नये म्हणून त्यांचे आईबाप त्यांना पाठवतात, आणि रविवारी सकाळी घरात थोडी शांतता हवी म्हणूनही पाठवतात. कोणतं कारण मोठं, हे मी कधी विचारलेलं नाही.

पोरं सतरंजीवर बसतात आणि मी मुड्ड्यावर. मुड्डा इकडे घरोघरी असतो. सरकंडा नावाच्या उंच गवताच्या काड्या मुंज गवताच्या दोरीने बांधून केलेलं, डमरूच्या आकाराचं आसन. माझा मुड्डा जुना आणि ऐसपैस. त्यावर बसलं की मला आपोआप विद्वान झाल्यासारखं वाटतं. माझी बायको मालन म्हणते, “तुमची सारी विद्या त्या मुड्ड्यातच हाय. उठले की संपली.”

तिच्या बोलण्यात किती तथ्य होतं, ते पुढे कळलं.

संक्रांत झाली, आणि त्या पुढच्या रविवारी अक्षदा एक खोका घेऊन वर्गात आली. अक्षदा शेजारच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे वडील रणजीत रेल्वेतच आहेत, भुसावळहून बदलून आलेले. आई स्वप्ना सीतापुऱ्याला कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. सकाळी स्कूटरवर जाते, संध्याकाळी दमून येते. आदल्या दिवशी ही मंडळी चादरी घ्यायला बगरूला गेली होती. तिथे कापडावर ठसे छापणाऱ्या एका छिप्याच्या अंगणात रंगवलेलं कापड वाळत होतं आणि त्या कापडाखाली ससे हुंदडत होते. अक्षदा तिथून हलेना. शेवटी त्या माणसाने आईपासून सुटलेली चार पिल्लं खोक्यात घालून तिच्या हातात दिली.

स्वप्ना मागोमाग आली. “काका, आमच्याकडे जागा नाही. तुमच्या अंगणात राहू देता का? पण माझी एक अट आहे, ती हिला तुमच्यासमोरच सांगते. होळीपर्यंत ही चारही धडधाकट दिसली पाहिजेत. नाहीतर परत बगरूला.”

“आई!” अक्षदा म्हणाली.

“आई नाही अन् काही नाही. भुसावळला कबुतराचं पिल्लू मेलं तेव्हा तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. मला ते पुन्हा बघायचं नाही.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “काका, इथे आल्यापासून ती तशीही फार बोलत नाही. कालपासून त्या सशांशी मात्र सारखं काहीतरी चाललंय. आणि मराठीत.”

हे ऐकल्यावर मी नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “स्वप्ना, तू निर्धास्त राहा. हे माझ्यावर सोड.”

आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच होतं.

सशांबद्दल मला काहीही माहिती नव्हती. पण मी दुर्गापुऱ्यात राहतो. शेती संशोधन केंद्राच्या भिंतीलगत रोज सकाळी फिरायला जातो. एवढ्यावरून आपल्याला शेती आणि पशुपालन यातलं बरंच कळतं, असा माझा कित्येक वर्षांचा समज आहे. भिंतीच्या आत मी एकदाही गेलेलो नाही.

जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा मागे पडून होता. त्याचाच पिंजरा केला. प्रथमेश नावाचा एक चुरचुरीत मुलगा वर्गात आहे. त्याने तीन पिल्लांची नावं ठेवली. काळं ते इंजिन, पांढरं ते एसी, आणि सगळ्यांच्या अंगावर चढणारं ते जनरल. चौथं सगळ्यात लहान, मातकट रंगाचं. त्याचं नाव अक्षदाने ठेवलं, जिरा.

“आता प्रश्न खाण्याचा,” मी मुड्ड्यावर बसून म्हणालो. “मुलांनो, धान्यातून माणसासाठी पीठ निघतं, डाळ निघते. मग उरतं ते काय?”

“कचरा,” प्रथमेश म्हणाला.

“चूक! उरतो तो कोंडा. चुनी. टरफलं. सगळं सत्त्व त्याच्यातच. आपल्यात म्हणतात, कोंड्याचा मांडा करावा. म्हणजे काय?”

“मतलब... कोंडा मांडून ठेवायचा?” मैत्रेयी म्हणाली. तिचे वडील बँकेत आहेत. तिला मांडून ठेवण्याची सवय.

“मांडा म्हणजे पुरणपोळीसारखं पक्वान्न. टाकाऊतून पक्वान्न करायचं! आपण या सशांना तेच करून घालणार.”

आणि खरंच करून घातलं. कोपऱ्यावरच्या चक्कीतून गव्हाचा कोंडा आणला. इकडे त्याला चोकर म्हणतात. हरभऱ्याची चुनी आणली. बाजरीचा भरडा आमच्याच डब्यातला. वर चवीला गूळ. कोमट पाण्यात कालवून त्याचा लपका केला. एवढ्यानेही माझं समाधान होईना, म्हणून मालनला म्हणालो, “आजपासून कणीक चाळून घे. निघेल तो कोंडा सशांना.”

“अन् तुमाले? डॉक्टरनं कोंड्यासकट पोळी खायला सांगतली हाय नं?”

“मी मोठा आहे. ती वाढती पिल्लं आहेत.”

इथपर्यंत फार बिघडलं नव्हतं. बिघडलं ते माझ्यातल्या गार्डामुळे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याने आखलेल्या वेळेवर गाड्या सोडल्या, त्याला निवृत्तीनंतर स्वतःचं वेळापत्रक आखायला मिळालं तर तो काय करणार? मी सशांच्या जेवणाच्या वेळा ठरवल्या. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. माझी जुनी शिट्टी शोधून काढली. हिरवा झेंडा दाखवला की परात आत. थोड्या वेळाने लाल झेंडा, परात बाहेर. त्यानंतर पिंजरा झाडून लख्ख. मुलं कुठून कुठून वाळकं गवत, काटक्या, मक्याच्या पाल्याचे तुकडे आणून आत सारत, ते सगळं मी रोज केरात काढायचो.

“आजोबाजी,” प्रथमेशने विचारलं, “मतलब, यांना मधेच भूक लागली तर?”

“मधे स्टेशन नाही,” मी म्हणालो. हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते दिवसभर मालनला ऐकवलं.

अक्षदाने हात वर केला होता. माझ्या वर्गाचा नियम असा की प्रश्न शेवटी विचारायचा. शेवटी तिला विचारायचं मी विसरलो.

पिल्लं वाढू लागली. इंजिन गोल झालं. एसी त्याहून गोल. जनरलला तर मान उरली नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पिंजऱ्यापाशी नेऊन कोंड्याचं महत्त्व समजावून सांगू लागलो. दूधवाला आमच्या दारात थांबेनासा झाला, पिशवी फाटकाला अडकवून निघून जाऊ लागला.

फक्त जिरा वाढेना. परात आत गेली की बाकीचे तिघं तिच्यावर तुटून पडत आणि जिरा मागे कोपऱ्यात बसून राही. त्याच्या वाट्याला तळाचं चाटून पुसून आलं तर आलं. शिक्षकाला असा विद्यार्थी दिसला की त्याचे हात शिवशिवतात. मी त्याची खासगी शिकवणी सुरू केली. मुड्डा पिंजऱ्याला लावून बसायचं, चमच्यावर लपका घ्यायचा आणि जिराच्या तोंडापुढे धरून त्याला समजावायचं.

“हे बघ, जिरा. होळी जवळ आली. तुझ्यामुळे बाकीच्यांना बगरूला जावं लागेल. खा.”

जिरा चमच्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे पाहायचा, आणि नाक हलवत मुड्ड्याकडे पाहायचा. मला वाटायचं, माझ्याबद्दल आदर वाटतोय त्याला.

“काहून हो,” मालन एकदा ओट्यावरून म्हणाली, “ससा हाय का शाळेत नापास झालेलं पोरगं?”

“अक्षदासाठी चाललंय हे.”

“मंग अक्षदाले बोलू द्या की एखाद्या वक्ताला. ती कवाची मागं उभी हाय.”

मी वळून पाहिलं. अक्षदा खरंच मागे उभी होती, ओठ मुडपून. “काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. नजर खाली, मुड्ड्याच्या बुडाकडे.

“घाबरू नको,” मी तिला म्हणालो. “तुझा जिरा मी सुधारेन.”

त्याच दिवसांत माझं स्वतःचंही एक वेळापत्रक बिघडलं होतं, सकाळचं. मऊ, चाळलेल्या कणकेच्या पांढऱ्याशुभ्र पोळ्या खाऊन मी तासन्‌तास बसून राही आणि हात हलवत परत येई. पण त्याचा आणि सशांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या पोटाचं आपल्याला कळत नाही आणि आपण दुसऱ्याच्या पोटाचं शिकवायला निघतो.

मग एका सकाळी हिरवा झेंडा दाखवला आणि कुणी उठलं नाही. इंजिन फुगून कोपऱ्यात बसलं होतं. एसीचे डोळे अर्धे मिटलेले. जनरल कुणाच्याही अंगावर चढत नव्हतं. पिंजऱ्यात लेंड्याही जवळजवळ नव्हत्या, ते पाहून मी मालनला अभिमानाने म्हणालो, “बघ, किती स्वच्छता आली त्यांच्यात.”

दुसऱ्या दिवशीही तेच. मी अंदाज बांधला की सरती थंडी बाधलीय, ताकद कमी पडतेय. म्हणून लपक्यात गूळ वाढवला.

आणि रविवार उजाडला. होळी तोंडावर आलेली. स्वप्ना स्वतः पाहायला आली होती. वर्ग भरलेला, मुलं सतरंजीवर, अक्षदा पिंजऱ्याला चिकटून. तिने आदल्या रात्री जेवणाला हात लावला नव्हता, हे स्वप्नाच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

“काका, ही तिन्ही आजारी आहेत.”

“आजारी नाही, सुस्त आहेत,” मी म्हणालो. “वाढत्या वयात अंगावर मांस धरतं तेव्हा सुस्ती येते. खरी काळजी जिराची आहे. तो काही खातच नाही. आता तूच बघ, मी तुला शास्त्रीय पद्धतीने दाखवतो. मुलांनो, इकडे लक्ष द्या.”

मी घसा खाकरला, शिट्टी गळ्यात अडकवली, चमचा हातात घेतला आणि मुड्ड्यावर बसलो.

मुड्डा करकरला. मग एका बाजूने झुकला. मग त्याच्या काड्या एकेक करून सुटल्या आणि मी चमच्यासकट, शिट्टीसकट आणि शास्त्रीय पद्धतीसकट जमिनीवर गेलो. लपका माझ्या मिशीवर. पडता पडता तोंडातून श्वास सुटला तो शिट्टीत गेला आणि शिट्टी वाजली.

मुलं आधी घाबरली. मग प्रथमेशने लाल झेंडा उचलून दाखवला, आणि सगळं अंगण हसायला लागलं. मालन ओट्यावर बसून डोळे पुसत होती. अक्षदा मात्र हसली नाही. ती धावत आली. मला वाटलं, मला उठवायला. ती माझ्या बाजूने पुढे गेली, विस्कटलेल्या काड्यांमध्ये हात घालून तिने जिराला बाहेर काढलं. त्याच्या तोंडात मुंजाच्या दोरीचा एक तुकडा होता आणि तो अजून चावत होता.

“हा बाहेर कसा आला?” मी जमिनीवरूनच विचारलं.

“कूलरच्या एका पट्टीची फट मोठी आहे,” अक्षदा म्हणाली. “तो बारीक आहे ना, निघतो. रोज निघतो. तुम्ही जेवायला आत गेलात की.”

“आणि?”

“आणि तुमची खुर्ची खातो.”

जिराकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. लहान होता, पण डोळे चकचकीत, कान ताठ, पोट मऊ. पिंजऱ्यातल्या त्या तीन फुग्यांपेक्षा शतपट बरा.

रणजीतने गाडी काढली. टोंक रोडला प्राण्यांच्या डॉक्टर विभाताई रविवारीही दवाखाना उघडतात. त्या मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे सगळं मराठीतच बोलावं लागलं, काही लपवायला जागा राहिली नाही. त्यांनी तिघांची पोटं दाबून पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

“खायला काय देता?”

मी सांगितलं. कोंडा, चुनी, भरडा, गूळ. वेळा सांगितल्या. झेंड्यांचं सांगणार नव्हतो, पण प्रथमेश सोबत आला होता.

“आणि गवत?”

“गवत मी रोज काढून टाकायचो,” मी म्हणालो. “स्वच्छतेसाठी.”

विभाताईंनी स्टूल माझ्यासमोर ओढलं. मग ज्या आवाजात मी मुलांना पाढे समजावतो, अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, “काका, कोंडा वाईट नाही. चांगलाच आहे. पण तो सोबतीला, कोरडा, मूठभर. सशाला दिवसभर काहीतरी लांब, चिवट चघळायला लागतं. गवत सतत पुढ्यात हवं. ते आत जातं तेव्हा पोट पुढे सरकतं. तुम्ही नुसता ओला लपका, वर दाणा, वर गूळ दिलात आणि मधल्या वेळी पिंजरा रिकामा. भुकेले राहायचे आणि मग बकाबका खायचे. पोट थांबलं. तंतू नाहीत तर पोट चालत नाही, सशाचं काय आणि माणसाचं काय.”

सोबत आलेल्या मालनने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसींचं पत्रक वाचायला लागलो.

“वाचतील ना?” अक्षदाने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मला माझीच लाज वाटली.

“औषध देते. आज फक्त वाळलं गवत आणि पाणी. पोट मोकळं झालं, लेंड्या दिसल्या, की वाचले म्हणायचं. उद्या सकाळपर्यंत कळेल.” मग जिराला उचलून त्या म्हणाल्या, “हा कसा काय एवढा छान राहिला?”

“यानं आजोबाजींची खुर्ची खाल्ली,” अक्षदा म्हणाली.

विभाताई हसल्या, पण मी हसू शकलो नाही. परत येताना गाडीत मी अक्षदाला विचारलं, “तुला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?”

“मी हात वर केला होता,” ती म्हणाली. “खूप वेळा. तुम्ही म्हणता प्रश्न शेवटी. मग शेवटी मालगाडीची गोष्ट सांगता.”

प्रथमेश पुढच्या सीटवरून म्हणाला, “आजोबाजी, मधे स्टेशन नाही ना.” त्याला वाटलं तो मला मदत करतोय.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून गवत आणलं. पिंजरा गवताने भरला, इतका की ससे दिसेनात. शिट्टी मी कपाटात ठेवली. स्वप्नाने जाताना फक्त पिंजऱ्याची कडी तपासली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी मी उठून अंगणात आलो तर अक्षदा आधीच पिंजऱ्यापुढे उकिडवी बसलेली, शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीवर. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. तिला काहीतरी समजावून सांगावं, असं अगदी ओठापर्यंत आलं. सजीव म्हणजे काय, वगैरे. मी ते गिळलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

ती सशांशी बोलत होती. “इंजिन, थोडंसं खा ना. बघ, जिरा कसा खातो. एसी, तू पण. कंटाळा आला तरी खायचं. मी शाळेतून येईपर्यंत बरे व्हा. आजोबाजींना रागवू नका, त्यांना माहीत नव्हतं.”

एकही अडखळण नव्हती. जी वाक्यं मी कितीतरी रविवार तिच्याकडून म्हणवून घेऊ पाहत होतो, त्याहून चांगली वाक्यं. ती सशांशी रोज बोलून बोलून ही भाषा कुरतडत आली होती, माझ्या तासाबाहेर, माझ्या मुड्ड्याखाली.

इंजिन हललं. गवताची एक काडी त्याने ओढली, थांबलं, पुन्हा ओढली. मग थोडं पुढे सरकलं, आणि ज्या जागेवरून सरकलं तिथे काळ्या, गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या होत्या.

“आजोबाजी!” अक्षदा ओरडली. “लेंड्या!”

तिची आरोळी ऐकून वरून स्वप्ना आली, हातात स्कूटरची किल्ली. आतून मालन आली. शाळेच्या वाटेवरचा प्रथमेश फाटकातून डोकावला, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि मालनने तुळशीच्या कुंडीत खोचून ठेवलेला माझा हिरवा झेंडा काढून जोरात हलवला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. चार लेंड्यांसाठी भल्या सकाळी एवढा आनंद आमच्या गल्लीत कधी झाला नसेल.

एसी दुपारी मोकळं झालं. जनरल संध्याकाळी, उशिरा सुटणाऱ्या गाडीसारखं.

होळीला स्वप्ना पिंजऱ्यापाशी आली. चौघं गवतात तोंड खुपसून बसले होते, बाजूला मूठभर कोरडा कोंडा. इंजिन आधीपेक्षा बारीक झालं होतं आणि दुप्पट पळत होतं. स्वप्नाने वाकून एकेकाचं पोट चाचपलं.

“राहू देत,” स्वप्ना म्हणाली. “पण काका, एक अट आहे.”

“बोल.”

“तुम्ही त्यांना शिकवायचं नाही.”

मी मान्य केलं. आता आमच्या घरी पोळ्या पुन्हा कोंड्यासकट होतात आणि माझी सकाळची गाडी वेळेवर सुटते. चक्कीचा कोंडा अक्षदा मोजून देते, मी फक्त पिशवी धरतो. वर्ग चालूच आहे, पण आता मीही सतरंजीवर बसतो, आणि प्रश्न मधेच विचारले जातात. त्यामुळे मालगाडीची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही.

मागच्या रविवारी माझे गुडघे फार दुखत होते. मी सहज म्हणालो, “नवा मुड्डा आणायला हवा.”

अक्षदाने पिंजऱ्यात पाहिलं. तिथे माझ्या जुन्या मुड्ड्याचं बूड होतं, आणि त्यावर चौघं जण चारी बाजूंनी कामाला लागले होते.

“थांबा आजोबाजी,” ती म्हणाली. “आधी हा संपू दे.”